फाइलच्या पाठीवरच्या दोन तारखा

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा आमची मुलगी वर्षाची झाली. तिच्या फ्रॉकसाठी कपाट उपसताना माझी जुनी फाइल हाती लागली आणि वाटलं, आता लिहायलाच हवं.

तुमच्याकडे आले तेव्हा दोनदा दिवस जाऊन दोन्ही वेळा नवव्या आठवड्याच्या आतच गर्भपात झाला होता. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम नीट चाललंय का हे दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल; पण शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार केलेल्या अँटी-टीपीओ अँटीबॉडी खूप वाढलेल्या. घरात कुणी पपईला दोष देत होतं, कुणी माझ्या स्कूटरला. आणि माझ्या मनात एकच घोळत होतं: थायरॉइडची गोळी वेळेवर सुरू केली असती तर? एका दवाखान्यात तसं बोलूनही दाखवलं होतं.

तुम्ही कागद ओढून ब्रिटनमधल्या 'टॅब्लेट' नावाच्या औषध-चाचणीचे आकडे लिहिलेत. 2019 साली निकाल आला. माझ्यासारख्याच 952 जणी: टीएसएच नॉर्मल, अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आधी गर्भपात झालेला किंवा मूल होण्यात अडचण. काहींना थायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. गोळी घेणाऱ्यांपैकी 37.4 टक्के जणींच्या हाती बाळ आलं, न घेणाऱ्यांपैकी 37.9 टक्के. "अँटीबॉडी असतील तर गर्भपात जास्त दिसतात, हे खरं. पण गोळी घेतली नाहीस म्हणून तुझं बाळ गेलं, हे मनातून काढून टाक," असं म्हणालात. त्या दिवशी बसस्टॉपवर मी पोटभर रडले. किती महिन्यांनी मोकळं वाटलं होतं!

पुन्हा दिवस गेले तेव्हा दर चार आठवड्यांनी टीएसएच करायला लावलात. आतून पोखरलेल्या थायरॉइडला गर्भारपणाचा वाढीव भार झेपेलच असं नाही, म्हणून. बाराव्या आठवड्यात तो वाढून 5.2 झाला, म्हणजे थायरॉइड कमी पडू लागलं, आणि तुम्ही त्याच दिवशी गोळी सुरू केलीत. सकाळी उपाशीपोटी, लोहाची आणि कॅल्शियमची चार तासांनी. माझ्या सासूबाईंनी घड्याळ लावून ते सांभाळलं.

पण सगळ्यात मोठे आभार बाळंतपणानंतरच्या गोष्टीचे. डिलिव्हरीनंतर गोळी थांबवताना तुम्ही फाइलच्या पाठीवर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या तपासणीच्या तारखा लिहिल्यात आणि माझ्या नवऱ्याला बजावलंत, "ही विसरेल, तुम्ही आणायचं." तिसऱ्या महिन्यात छातीत धडधड, हात कापायचे. सहाव्यात उलट: उठवत नव्हतं, केस गळत होते, बाळ रडलं की मलाही रडू यायचं. सगळे म्हणत, ओली बाळंतीण, चालायचंच. त्या तारखा नसत्या तर मीही तेच धरून बसले असते. बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस निघाला, म्हणजे थायरॉइडला सूज येऊन आधी त्याचा हार्मोन जास्त होतो आणि मग कमी पडतो. गोळी पुन्हा सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले.

पुढच्या महिन्यात टीएसएचला येते आहे. लेकीला घेऊनच येईन. हल्ली ती भिंतीला धरून चालते.

आपली,
तुमची एक पेशंट