वळचणीचं पाणी आढ्याला

मिनिआपोलिस,
२३ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर हॉलच्या छतावरचा चहाच्या रंगाचा डाग आईने बरोबर हेरला आणि मी विषय बदलला. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, म्हणून सगळं लिहिते.

आमचं घर गळलं. पाऊस नव्हता, बाहेर उणे १८ आणि छपरावर फूटभर बर्फ. रात्री खिडकीपाशी टपटप ऐकू आली. वर पाहिलं तर छताच्या रंगाला टम्म फुगा आलेला, पोळीला येतो तसा. खाली पातेलं धरून स्क्रूड्रायव्हरने टोचलं, तर पातेलं काठोकाठ भरलं.

बाबा, तुम्ही म्हणाल पन्हळ तुंबली असेल. शाकारणीच्या वेळी तुम्ही पन्हळीतला फणसाचा पाला काढता, तसा मी ऑक्टोबरअखेर मेपलचा पाचोळा काढला होता, पाणी सोडून खालचे पाइपही बघितले होते. ते करावंच लागतं, कारण साचलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पन्हळीचे सांधे उकलतात. पण या वेळी दोष पन्हळीचा नव्हता. घरातली ऊब माळ्यात जात होती. तिने छप्पर आतून तापायचं, बर्फाचा तळचा थर वितळायचा आणि पाणी ओघळत वळचणीशी यायचं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली घराची ऊब नाही, म्हणून ते तिथे पुन्हा गोठायचं. थरावर थर बसून बांध झाला, मागे पाणी तुंबलं आणि उलटं चढून शिंगल्सखाली शिरलं. शिंगल्स म्हणजे इथली डांबरी कौलं. वरून येणारं पाणी ती अडवतात, खालून चढणारं नाही. आजी म्हणायची, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. इथे ते जातं, आई. मी डोळ्यांनी पाहिलं.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात या शहरात सुमारे ९० इंच बर्फ पडला होता, तेव्हा आम्ही बचावलो आणि गाफील राहिलो. वळचणीला पागोळ्या गोठून मनगटाएवढ्या जाड झाल्या की मी कौतुकाने फोटो काढून तुम्हाला पाठवायचे. आता तशा दिसल्या की पोटात गोळा येतो.

तुमचे जावई हातोडी घेऊन शिडी लावायला निघाले होते. मी दार अडवून उभी राहिले. थंडीत शिंगल्स पापडासारख्या कडक होतात, बर्फाबरोबर त्याही तुटतात, आणि पाय घसरला तर काय? मीठही टाकायचं नसतं, पन्हळ गंजते आणि खालची झाडं जळतात. आम्ही जुन्या लांब मोज्यांत बर्फ वितळवणारं कॅल्शियम क्लोराइड भरून ते बांधावर उभे टाकले. त्याने पाण्याला वाट झाली. दुसऱ्या दिवशी वाफेचं यंत्र घेऊन माणसं आली आणि त्यांनी बांध कापून उतरवला.

मग माळ्यावर चढले. न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप कुणीतरी पूर्वी थेट माळ्यातच सोडून दिलेला! दिव्यांभोवती बोट जाईल एवढ्या फटी. फटी फोमने बुजवल्या, पाइप छपराबाहेर काढला, ऊब अडवणारा कागदाच्या भुशाचा थर ५-६ इंच होता तो १६ इंच करून घेतला. वळचणीखालच्या हवेच्या जाळ्या मात्र मोकळ्या ठेवल्या. घर ऊबदार हवं आणि माळा बाहेरइतकाच थंड, एवढंच त्यातलं मर्म. शिवाय २० फुटी दांड्याचं बर्फ ओढायचं फावडं आणलंय. बर्फ पडला की जमिनीवर उभं राहून कडेचे ३-४ फूट मोकळे करतो.

बाबा, मी जावयांना शिडी चढू दिली नाही. तुम्ही मात्र गेल्या वैशाखात, ७६ व्या वर्षी, कौलांवर चढलात. आईने मला ते दोन महिन्यांनी सांगितलं. यंदा शाकारणीला गडी लावा, मजुरी मी पाठवते. कुठलं कौल तडकलंय हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही, पण ते अंगणात उभं राहून दाखवा. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी दर रविवारी विचारणार आहे.

आई, डाग अजून आहे. छत पुरतं वाळल्याशिवाय रंग देता येत नाही. रविवारी कॅमेरा वर करून दाखवेन, विषय बदलणार नाही.

तुमची लेक