'बाव' म्हणजे सरसकट 'बॅन्शी' नव्हे

महोदय,
आयर्लंडच्या लोककथांवर मराठीत लिहिताना मृत्यूची चाहूल देणाऱ्या स्त्रीला सगळीकडे 'बॅन्शी' म्हटले जाते. देशाच्या बहुतेक भागात ते चालतेही. मात्र आग्नेयेकडे, म्हणजे वेक्सफर्ड, कार्लो, किल्केनी, वॉटरफर्ड या परगण्यांत, जुना शब्द 'बाव' किंवा 'बावा' असा आहे. आयरिश लेखनात त्यात न उच्चारली जाणारी व्यंजने असतात. अक्षरागणिक 'बाधभ' असे लिप्यंतर केले की शब्द ओळखूच येत नाही.

मुळात हे नाव प्राचीन आयरिश कथांमधल्या युद्धदेवतेचे. ती रणांगणावर कावळ्याच्या रूपात घिरट्या घालते. लोकपरंपरेतली बाव कोणाला मारत नाही. ठरावीक जुन्या घराण्यांतील, बहुधा 'ओ' आणि 'मॅक'ने सुरू होणाऱ्या आडनावांच्या, माणसाचे मरण जवळ आले की ती रात्री घराजवळ रडते, इतकेच. तिला रक्तपिपासू हडळ करणे ही सिनेमाची करामत.

तिच्या कंगव्याची कथा प्रसिद्ध आहे. कोणी तो उचलून घरी नेला तर ती खिडकीशी येऊन आकांत करते. तो हाताने परत द्यायचा नाही. चिमट्यात धरून बाहेर करायचा. चिमटा वाकडा होऊन परत येतो!

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांकडून वडीलधाऱ्यांच्या लोककथा आणि आठवणी लिहवून घेतल्या गेल्या. हा संग्रह आता ऑनलाइन खुला आहे. लेखकांनी कथा उतरवताना ती कोणत्या परगण्यातली आहे हे पाहून 'बाव' की 'बॅन्शी' ते नाव निवडावे.

– एक वाचक