चिनूला आधी ओळंबा आणून दे

प्रिय सद्या,

सप्रेम नमस्कार.

चिनू अकरावीत आहे, फिजिक्सच करायचं म्हणते, वहिनींना इंजिनिअरिंग बरं वाटतं आणि तू दोघींच्या मधे अडकलायस. एवढं कळलं. पण फिजिक्सला किती मार्क पडतात यावरून काही ठरवू नकोस, ते बरेचसे सरावाचे असतात. कृष्णविवरांचे व्हिडिओ रात्र रात्र बघते, यावरूनही नको. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपासच्या भागात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्याचे कितीतरी दिवस पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून माणसांनीच केलेला रेडिओ-गोंगाट आकड्यांतून वेचून टाकण्यात जातात. तांदूळ निवडण्यासारखं काम. ते करताना ज्याला तंद्री लागते, त्याला पुढचं सगळं जमतं.

तेव्हा तिला विचारत बसण्यापेक्षा गवंडी वापरतात तो ओळंबा आण, हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. त्याचा लंबक करायचा आणि g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढायचा. अकरावीचाच प्रयोग आहे, पण कॉलेजात जर्नल उतरवून होतो, आणि क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात बऱ्याचदा तेवढाही होत नाही.

दोरा खिळ्याला बांधायचा नाही. तो खिळ्यावर लोळतो आणि टांगणीचा बिंदू सरकत राहतो. दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट चिमटावा. लांबी मोजायची ती ओळंबा लटकवल्यावर, कारण वजनाने दोरा ताणतो. 40 सेंटिमीटरपासून मीटरपर्यंत सहा लांब्या, प्रत्येकीला 20 दोलनांची वेळ, तीन-तीन वेळा. मीटरभर दोऱ्याला बाजूला ओढायचं ते 10 सेंटिमीटरच. 30 अंशांपर्यंत ओढला तर दोलनकाल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि g साडेतीन टक्क्यांनी कमी येतो. स्टॉपवॉच दाबायचं ओळंबा मधून जाताना. टोकाला तो इतका रेंगाळतो की नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. बोट दाबण्यात 0.2 सेकंदाची चूक धरली तरी मीटरभर लांबीला 20 दोलनांच्या 40 सेकंदांत ती अर्धा टक्का होते. एकच दोलन मोजलं तर तीच दहा टक्के.

आता खरी गंमत. ओळंब्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि म्हणूनच मी गोल गोळी सांगितली नाही. तिला म्हणावं, लांबी ओळंब्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोज आणि दोलनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढ. रेषा सरळ येईल, लांबी मीटरमध्ये घेतली तर उतार 4.03 च्या आसपास, पण ती शून्यातून जाणार नाही. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे दोन-तीन सेंटिमीटरवर छेदेल. ते अंतर कसलं, हे तिने कुणी न सांगता ओळखलं तर मला लगेच फोन कर.

आणि g जर 10.8 आला, तर ती काय करते ते गुपचूप बघ. बहुधा तिने पहिल्या फेरीला ‘शून्य’ न म्हणता ‘एक’ म्हटलं असेल. मग 19 दोलनांच्या वेळेला 20 ने भागलं जातं, काल पाच टक्के कमी आणि g जवळजवळ 11 टक्के जास्त. आलेख मात्र सरळच येतो, म्हणून ही चूक आलेखात सापडत नाही. आकडे मागून दुरुस्त करून 9.8 लिहून मोकळी झाली, तर ते तिला शाळेनेच शिकवलंय, रागवू नकोस. पण मग फिजिक्सचं ठरवायची घाई करू नकोस. चूक शोधायला चार दिवस लंबकाशी भांडत बसली, जेवायला हाका माराव्या लागल्या, तर वहिनींना समजवायचं काम माझ्याकडे.

दुसरी कसोटी गणिताची. फिजिक्स आवडतं आणि गणित नाही, असं म्हणत असेल तर इथेच थांबा. कॉलेजचं दुसरं वर्ष लागलं की विकल समीकरणं (डिफरन्शिअल इक्वेशन्स) आणि रेषीय बीजगणित (लिनिअर अल्जिब्रा) हीच रोजची भाषा होते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फिजिक्स ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह फुकट आहेत. एक लांब प्रश्न द्यायचा, तीन तास, मोबाईल बाहेर. सुटला नाही तरी चालेल, तीन तासांनी ती कागदावर कुठवर पोचली ते बघायचं.

परीक्षांचं सांगतो. बारावीपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत, त्यामुळे घरात आज भांडायचं कारण नाही. जेईई देऊ दे, सोबत आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी. तीन तास, 60 प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी प्रत्येकी 15. बरोबरला चार, चुकीला एक वजा. आपल्याकडची मुलं इथेच फसतात. बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्स घेतात आणि 240 पैकी 60 गुण आधीच सोडून देतात. चिनूनेही सोडलं असेल, तर अकरावी-बारावीची एनसीईआरटीची बायोलॉजीची पुस्तकं रोज पाऊण तास वाचावीत. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याचं सीईबीएस या विज्ञान संस्थांची परीक्षा नेस्ट, वेगळी. आयसरला सुरुवातीला चारही विषय शिकवतात, मुख्य विषय नंतर ठरतो, म्हणजे मन बदललं तरी वर्ष वाया जात नाही. वहिनींसाठी मधली वाटही आहे: आयआयटी मुंबईचं इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक. त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये चांगला रँक लागतो. आणि साधं बीएस्सी करून, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, ही वाट कमी प्रतीची मुळीच नाही. फक्त कॉलेज निवडताना प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघ. ऑसिलोस्कोपवर धूळ असेल तर परत फिर.

आता हिशेब, कारण तो तुला कुणी सांगणार नाही. पाच वर्षं आयसरचं बीएस-एमएस, मग पीएचडी पाच-सहा, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, तीन-चार, बहुधा परदेशात. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. पीएचडीचा खर्च मात्र तुझ्यावर नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. यात घर चालतं, पण गृहकर्ज डोक्यावर असेल तर नाही. तुझे हप्ते कधी संपतात ते आधी बघ, आणि ते तिच्याशीही मोकळेपणाने बोल. सतरा वर्षांच्या पोरीला कळतं सगळं.

प्राध्यापकी नाही मिळाली तर काय, हा वहिनींचा प्रश्न रास्त आहे. एमएस्सीनंतर बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, ट्रेनिंग स्कूलमध्ये वर्षभर शिकून सायंटिफिक ऑफिसर होता येतं. दुसरी वाट फारशी कुणाला ठाऊक नसते: कॅन्सरच्या रुग्णाला किरणोत्सर्गाची मात्रा किती आणि कोणत्या दिशांनी द्यायची, याची आखणी मेडिकल फिजिसिस्ट करतो. प्रत्येक रेडिओथेरपी केंद्राला नियमाने असा माणूस ठेवावाच लागतो. एमएस्सीवर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि पुढे इंटर्नशिप, एवढं शिक्षण लागतं.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं, तेव्हा तिला घेऊन जा. टोपी, पाण्याची बाटली न्या, उन्हात बरंच चालावं लागतं. तिथल्या इंजिनिअरांना तिला स्वतःच प्रश्न विचारू दे, तू मधे बोलू नकोस.

लंबकाची वही मला पाठव. फेअर केलेली नको. खाडाखोड असलेलीच.

तुझा,
अव्या