पेटीतल्या सापालाही काम हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव सापांच्या निगेवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखातली तापमानाची आणि खाण्याची माहिती बरोबर होती. एक वाक्य मात्र खटकले. साप दिवसभर वेटोळे घालून पडून राहतो, त्याला पाणी, एक आडोसा आणि वेळेवर भक्ष्य मिळाले की आणखी काही लागत नाही, असे त्यात म्हटले होते. हा समज जुना आहे आणि पाळणाऱ्याच्या सोयीचा आहे, म्हणूनच तो टिकला. रिकाम्या पेटीत साप पडून राहतो, कारण तिथे करण्यासारखे काही नसते.

सापाला शिकता येते, हे प्रयोगांत दिसले आहे. संशोधक डेव्हिड हॉल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतले बिनविषारी साप, मोकळ्या रिंगणात सोडले. तळाशी अनेक भोके होती, पण आसरा एकाच भोकात होता. सरावाने साप त्या भोकाकडे लवकर पोहोचू लागले. २००६ मध्ये आल्मली आणि बर्गहार्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या रॅट स्नेकचे दोन गट केले. एकाला साध्या पेटीत ठेवले, दुसऱ्याला वस्तूंनी भरलेल्या पेटीत. भरलेल्या पेटीतले साप नव्या कोड्यातून वाट काढण्यात सरस ठरले. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर बिळातच राहतो, त्याला फांदी कशाला, असेही ऐकू येते. नायजेरियातल्या १९९८ च्या एका अभ्यासात याच जातीचे नर झाडांवर वावरताना आणि पक्षी खाताना आढळले होते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. पेटीत काही घालण्याआधी उष्णता नीट करा. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोक २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोक २२ ते २४. बॉल पायथनसाठी ३१ ते ३३ आणि २५ ते २७. दोन्ही टोकांना एकेक लपण हवे आणि ते घट्ट हवे, म्हणजे साप आत बसला की अंगाच्या दोन्ही बाजू भिंतींना टेकल्या पाहिजेत. ऐसपैस लपणात त्याला सुरक्षित वाटत नाही. एकच लपण ठेवले तर ऊब आणि आडोसा यांतले एक सोडावे लागते, आणि साप बहुधा ऊब सोडतो. मग पचन बिघडते, आणि आपण मात्र दोष भक्ष्याला देतो. पेटी इतकी लांब असावी की साप सरळ पसरू शकेल. वेटोळ्यातला साप कमी जागेत मावतो, म्हणून त्याला लांबी लागत नाही असे होत नाही.

यानंतर वास. सापाचे जग जिभेवर चालते. दुभंगलेल्या जिभेने तो हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवतो. त्यामुळे पेटीत नवा वास आणणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि नेमका तोच कोणी करत नाही. फवारणी न झालेल्या झाडाखालचा वाळका पालापाचोळा दोन मुठी पसरा. तो आधी ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा किंवा १०० अंशांवर अर्धा तास भाजा, म्हणजे माइट आणि इतर किडे येत नाहीत. एखाद्या आठवड्यात पुदिन्याची चार ताजी पाने, दुसऱ्या आठवड्यात सालीचा तुकडा. पाइन आणि देवदाराच्या सुगंधी लाकडाचा भुसा घालू नका, सुगंधी तेले तर अजिबात नकोत. बंद पेटीत त्यांचा त्रास फुफ्फुसांना होतो. दुसऱ्याच्या सापाची कात आणून ठेवण्याची टूम निघाली आहे. कातेबरोबर माइट आणि रोग येऊ शकतात, ती टाळावी.

उंदराचा वास देताना एक काळजी घ्या. तो वास फडक्याला, मोज्याला किंवा टिश्यूला कधीही लावू नका. भुकेला साप वासावर विश्वास ठेवतो आणि फडके गिळतो. मग अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. वास द्यायचा तो जड लाकडाला किंवा सपाट दगडाला, जो तोंडात मावणार नाही.

खाणे हाही उद्योग बनवता येतो. भक्ष्य आधीच मारलेले, गोठवून पूर्ण वितळवलेले असावे आणि जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा फार तर सव्वापट. जिवंत उंदीर सापाला चावतो. त्यात गंमतही नाही आणि गरजही नाही. गरम पाण्यात उबदार केलेले भक्ष्य लांब चिमट्याने धरून फांदीवरून, दगडावरून फिरवत न्या आणि शेवटी लपणाजवळच्या सपाट फरशीवर ठेवा. साप जीभ लवलवत तो माग काढतो. पहिल्या खेपेस माग वीतभरच ठेवा, जमले की वाढवा. अर्ध्या तासात सापडले नाही तर चिमट्याने समोर धरा. उपाशी ठेवून शिकवण्याची ही जागा नव्हे. भक्ष्य ओले असेल तर पेटीत अंथरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिकटते, म्हणून फरशी. गिळल्यावर ४८ तास साप हाताळू नये, पेटीची उलथापालथही करू नये. त्याने खाल्लेले बाहेर टाकले तर पुढचे भक्ष्य किमान १० दिवसांनी आणि आकाराने लहान. खेळ म्हणून जास्त खाऊ घालणे चूक; लठ्ठ साप हलत नाही आणि सारा खटाटोप वाया जातो.

हाताळण्यापूर्वी हूकने, म्हणजे साप उचलायच्या आकडीच्या काठीने, अंगाच्या मधल्या भागाला हलकेच स्पर्श करायची सवय लावा. हूक लागला की खाणे नाही, हे साप काही आठवड्यांत ओळखतो आणि पेटी उघडताच झेप घेणे कमी होते.

चढण्यासाठी फांदी सापाच्या जाडीएवढी किंवा थोडी जास्त जाड घ्या आणि ती दोन ठिकाणी स्क्रूने पक्की करा. नुसती टेकवलेली फांदी सापासकट कोसळते. दगड थेट पेटीच्या तळावर ठेवावा आणि मग भोवती कोकोपीट भरावे. कोकोपीटवर ठेवलेल्या दगडाखाली साप उकरतो आणि चिरडला जातो. चिकटपट्टी पेटीत कुठेही नको, तिला चिकटलेले खवले सोलून निघतात. पुठ्ठ्याच्या नळ्या स्वस्त आणि चांगल्या, पण भरल्या पोटाने साप त्यात अडकणार नाही इतक्या रुंद हव्यात आणि ओल्या झाल्या की त्याच दिवशी टाकून द्याव्यात. उकरणाऱ्या जातींना किमान १० सेंटिमीटरचा थर द्या. दिव्याला जाळी नसेल तर साप त्याला विळखा घालतो आणि भाजतो.

अनेक अपघात मात्र मांडणी बदलताना होतात. फांदी हलवताना तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर जागचा सरकतो, थंड कोपऱ्यात जाऊन पडतो आणि हीटर थांबतच नाही. मांडणी बदलली की तासाभराने दोन्ही टोकांचे तापमान वेगळ्या थर्मामीटरने मोजा. पाण्याचे भांडे उबदार टोकाला सरकले असेल तर दमटपणा वाढतो, आणि सतत ओल्या तळामुळे पोटाचे खवले सडतात.

एकाच वेळी सगळे बदलू नका. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पाव भागच बदला आणि लपणांची जागा मुळीच हलवू नका. नवा साप आल्यावर पहिले दोन आठवडे, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झालेले असताना आणि आजारपणात काहीही नवे घालू नये. कातेच्या दिवसांत ओल्या शेवाळाचे बंद लपण तेवढे द्यावे. सोबत म्हणून दुसरा साप ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. किंगस्नेक तर सोबत्याला खाऊनही टाकू शकतो.

बदल मानवला की नाही, हे अंगावरून कळते. संथ, लांब जीभ काढत, मध्येच थांबत फिरणारा साप शोध घेत असतो. मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडणे, फुस्स करणे, दोन-दोन दिवस लपणातून न निघणे, काचेवर नाक घासत त्याच रेषेत येरझारा घालणे ही वेगळी भाषा आहे. शेवटचे लक्षण दिसले की लोक घाईने आणखी खेळणी टाकतात. त्याऐवजी क्रमाने बघा: आधी तापमान, मग अंगावर आणि पाण्यात माइटचे काळे ठिपके, मग लपण घट्ट आहे का, मग पेटीची लांबी. नराचा विणीचा काळ असेल तर येरझारा काही आठवड्यांनी आपोआप थांबतात. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला तर अनेकदा त्याच आठवड्यात फरक दिसतो. नाकावर जखम दिसली, तोंडातून चिकट स्राव आला तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे.

हे सर्व बंदिवासात जन्मलेल्या, कायद्याने पाळता येणाऱ्या बिनविषारी जातींपुरते आहे.

आपले,
साप पाळणारे काही वाचक