शालूला विचारून बघ

फोंडा, रविवार रात्र

प्रिय सुमे,

सगळ्यांच्या तब्येती ठीक. आईंचे गुडघे तसेच, माझी साखर जागेवर. ते राहू दे.

मुक्ताचा एक फोटो कुणीतरी बनवलाय. चेहरा तिचा, अंग भलत्याच कुणाचं. तिने फोन पुढे केला तेव्हा माझी नजर आधी गेली ती वळेसरावर. अबोलीचा, गणपतीच्या चवथीला मीच तिच्या केसांत माळलेला. खाली अंगावर धड कपडा नाही आणि डोक्यात माझा वळेसर! मेल्याला तेवढा काढायचंही सुचलं नाही. सोबत निरोप: डोंगराचे व्हिडिओ काढून टाक, नाहीतर हा कॉलेजच्या ग्रुपवर जाईल.

मागच्या डोंगराला जेसीबी लागलेत हे तुला फोनवर सांगितलंच होतं. त्यावर ती व्हिडिओत बोलते. नगरनियोजन कायद्यातलं ३९ए कलम काय, जमिनीचा झोन कसा बदलून घेतात, सगळं दीड मिनिटात. आपल्याला केरीच्या कारखान्याविरुद्धच्या मोर्च्यात नायलॉन ६,६ म्हणजे नक्की काय तेसुद्धा माहीत नव्हतं, तरी घसा बसेस्तोवर ओरडलो. (आणि लाठ्या आल्यावर आधी तूच पळालीस. कितीही वर्षं नाकारलंस तरी.)

ह्यांचं एकच, फोन काढून घे. आईंचं त्याहून सोपं, ‘तो मोबायल न्हंयत उडय,’ नदीतच टाक म्हणे. वर हे मला ऑस्ट्रेलियाचे दाखले देतात, तिथे २०२५च्या डिसेंबरपासून सोळाखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही म्हणून. अहो, ही एकोणीसची. हिला पुन्हा पंधराची कशी करू?

आणि फोन काढून घ्यायचा म्हणजे नक्की काय काय काढून घ्यायचं, सांग. लॉकडाऊनमध्ये तेरा-चौदाची पोर, घरात एकटी, वर्ग स्क्रीनवर. तेव्हा मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ, चौपदरी रस्ता आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी नेणार म्हणून गोवाभरची पोरं चित्रं काढून ऑनलाइन टाकत होती. हिने शेकरू काढला. त्यातूनच तिला मैत्रिणी मिळाल्या, मडगावची, वाळपईची, कधी न भेटलेल्या. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, त्या दिवशी ही घरात नाचली होती. आता दर रविवारी ती सगळी डोंगरावर भेटतात, पण जमतात फोनवरूनच.

जे करायचं ते केलं. उत्तर दिलं नाही, पैसे मागितले नव्हतेच. ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घेतले, खात्याची लिंक ठेवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. स्टॉप एनसीआयआय म्हणून एक साइट आहे. तिच्यात फोटो आपल्या फोनातच राहतो, त्याचा नुसता एक आकडी ठसा बनतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तसा फोटो चढला तर ओळखतात. व्हॉट्सॲपवर हातोहात गेला तर मात्र काय डोंबल करणार? चौकीत एकाने विचारलंच, ‘फोटो टाकलात कशाला?’ चवथीचा फोटो, सुमे! गणपतीच्या माटोळीखाली उभी राहिलेली पोर.

पण माझी झोप गेलीय ती वेगळ्याच गोष्टीने. तिचं ते खातं प्रायव्हेट आहे. चवथीचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसत होता. म्हणजे त्या रविवारच्या पोरांतलंच कुणी, किंवा कुणीतरी तो बाहेर दिला. आता ती एकेकाचं नाव घेते आणि गप्प होते. काल तिने डब्यातली कापं कुणालाच दिली नाहीत म्हणे, ही पोर, जी आमच्या मांजरालाही वाटणी देते.

म्हणून तुलाच लिहितेय. केरीच्या मोर्च्यानंतर शालूबद्दल निनावी पत्र आलं ना तुमच्याकडे? त्यातलं अक्षर आपण दोघींनी पहिल्या ओळीतच ओळखलं. निदान कुणाशी बोलायचं नाही ते कळलं. इथे अक्षरच नाही गो. पुढचं तुला माहीत आहे. काकांनी तिला कॉलेजातून काढलं आणि पत्र लिहिणारा पदवीधर झाला. हे ह्यांना मी काल सांगितलं. तेव्हापासून फोनचा विषय घरात निघालेला नाही.

मुक्ता पुढच्या रविवारी जाणार म्हणते. व्हिडिओ काढून टाकलेले नाहीत. मी अडवणार नाही, पण ती निघाली की माझ्या पोटात गोळा येतो हे तिला दिसतंच.

शालूला विचारशील? मुक्ताशी बोलेल का एकदा? मला तिला थेट फोन करायला जीभ रेटत नाही. ती नको म्हणाली तर नको, आग्रह करू नकोस.

ओंकारचं बारावीचं काय झालं? नवीन फ्लॅटला पाणी येतं का रोज? भावजींना नमस्कार. सोलं पाठवलीयेत, राणेंचा मुलगा गुरुवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर. त्याला चहा तरी पाज, मागच्या वेळी दारातूनच परत पाठवलंस.

तुझी,
नलू