मनूस, आजींना सांभाळणाऱ्या मावशींबद्दल

सांगली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आजींच्या खोलीत लावायच्या कॅमेऱ्यासाठी तू परस्पर पाठवलेले पैसे बाबांच्या खात्यात तसेच आहेत. आपण फोनवर बोलतो तेव्हा आजी शेजारीच असतात, आणि त्यांना ऐकू कमी येत असलं तरी स्वतःविषयीचं तेवढं नेमकं ऐकू येतं. म्हणून लिहायला बसले.

आधी आजींसाठी चोवीस तासांच्या बाईचं. अशा बाया पुरवणारा ब्युरोवाला सगळ्यांना हेच सुचवतो, "चोवीस तासांची घ्या मॅडम, स्वस्त पडेल." पडते स्वस्त, खोटं नाही. पण आजी रात्रीतून तीन-चारदा जाग्या होतात, कधी लघवीला, कधी उगीचच. दिवसभर राबलेली बाई रात्री झोपणारच. ती झोपली असताना आजी अंधारात एकट्या उठल्या तर पुन्हा मिरज, पुन्हा खुब्याचं ऑपरेशन. म्हणून मावशी सकाळी आठ ते रात्री आठ, आणि रात्र बाबांची नि माझी. बाबांनी आजींच्या उशाशी बिनतारी बेल ठेवली आहे. ती त्या बहुतेक वेळा बाबा झोपले आहेत ना, हे बघायला वाजवतात.

ब्युरो दिवसाचे ६५० रुपये घेतो, मावशींच्या हातात ४५० पडतात. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. मधले दोनशे कशाचे विचारलं, तर "रिप्लेसमेंटचे". म्हणजे मावशी आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई दारात उभी राहते, जिला आजींचा ऑपरेशनचा पाय कुठला हेही ठाऊक नसतं. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्यात २००८ सालापासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. ब्युरोवाल्याला त्याबद्दल विचारलं तर त्याने मला चहा विचारला.

तू ट्रेन्ड नर्सच हवी म्हणून हटून बसली होतीस. नर्सांमध्ये एएनएम दोन वर्षं शिकलेली असते, जीएनएम तीन. आजींना नाकातून नळी असती, लघवीची पिशवी असती, रोजची इंजेक्शनं असती तर मीही नर्सच मागितली असती. त्यांना तसलं काही नाही. त्यांना उठवायला, बसवायला, पुसायला, भरवायला माणूस हवं, आणि ते काम पांढरा कोट घातल्याने येत नाही. ब्युरोने आधी जिला "सिस्टर" म्हणून पाठवलं, तिने आजींच्या काखेत हात घालून त्यांना सरळ वर ओढलं. म्हाताऱ्या खांद्याचं त्याने काय होतं! तिला मी दुपारीच परत पाठवलं.

मावशींचे आधार कार्ड वगैरे कागद बाबांनी पाहिले, पोलीस पडताळणीचा अर्जही भरला. पण माझा निर्णय त्याआधीच झाला होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, यांना पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवा. त्यांनी आधी खुर्ची आजींच्या धड पायाच्या बाजूला आणली. मग आजींच्या समोर वाकून म्हणाल्या, "आज्जी, आता मी तुमास्नी उठवणार हाय, माझ्याकडं बघा." पलंगाच्या काठावर बसवलं आणि तशाच थांबल्या. मी विचारलं, का थांबलात? "एकदम उठीवलं की चक्कर येती ओ." पंधरा वर्षं त्या मिरजेत एका दवाखान्यात आया होत्या. तिथून रिकाम्या हाताने निघाल्या, पण हे शिकून निघाल्या.

खुब्याचं मावशींना डॉक्टरांनी एकदाच सांगितलं. पायावर पाय टाकू द्यायचा नाही, मांडी घालून किंवा बुटक्या पाटावर बसू द्यायचं नाही, कुशीवर वळवताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी. आजींना अजूनही जेवायला पाट हवा असतो, त्यावरून रोज भांडण होतं, आणि ते मावशीच जिंकतात. दर दोन तासांनी कूस बदलतात. टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघतात, कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून ती लाली जाते का पाहतात. जात नसेल तर तिथून पुढे जखमच, आणि ती जागा चोळायची नसते हेही त्यांनीच मला सांगितलं. मी तेल घेऊन तयारच होते. भरवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत.

गोळ्या मात्र मी काढून डबीत ठेवते, मावशींनी फक्त द्यायच्या. औषधांची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकणार नाही. उद्या काही उलटसुलट झालं तर पहिलं बोट त्यांच्याकडेच जाईल. आजींच्या पाटल्या आणि मोहनमाळ लॉकरमध्ये ठेवली तीही याच कारणाने. आजी रुसल्या आहेत. रुसू देत.

आता कॅमेरा. तू म्हणतेस, बातम्यांमध्ये दाखवतात ना, म्हाताऱ्यांना मारताना. दाखवतात, आणि तसं घडतंही. आजींच्या दंडावर कुठे वळ दिसतो का हे मी रोज बघते, आंघोळीला मी सोबत असते. पण त्या खोलीत दिवसभर काय चालतं माहीत आहे का? डायपर बदलणं, अंग पुसणं. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला आता पुढून बटणांचा गाऊन घालावा लागतो. पहिल्या दिवशी त्या रडल्या, तर मावशींनी माझी एक जुनी सुती ओढणी पदरासारखी त्यांच्या खांद्यावरून घेतली. तेव्हापासून ओढणीशिवाय त्या दार उघडू देत नाहीत. अशा बाईचं सगळं डब्लिनमध्ये तुझ्या मोबाइलवर दिसणार, तेही तू मीटिंगमध्ये असताना. त्यांना विचारलं असतंस का तू? मी विचारलं. "मेल्यावर लावा," म्हणाल्या.

हॉलमध्ये, दाराच्या बाजूला एक लावू. मावशींना आधी सांगून. खोलीसाठी वही केली आहे. किती वाजता काय खाल्लं, पाणी किती, लघवी-संडास, बीपी, टाच कशी, सगळं मावशी लिहितात. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. रोज रात्री त्या पानाचा फोटो बाबा तुला पाठवतील. पाणी कमी आणि आजी असंबद्ध बोलायला लागल्या, असं एका दिवशी दिसलं तर लघवीचा संसर्ग असू शकतो, तेव्हा तू फोन केलास तरी चालेल. आणि शेजारच्या काकांना तू नंबर विचारला होतास म्हणून सांगते, ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. फ्रिजवर चिकटवली आहे. मावशींनीही वाचली.

एक गोष्ट तुला फोनवर सांगता आली नाही. आजींनी पहिल्याच सकाळी मावशींना आडनाव विचारलं. ऐकून गप्प झाल्या आणि त्यांच्या हातचं पाणी घेईनात. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "र्‍हाऊ दे वहिनी, तहान लागली की घेतील." संध्याकाळी घेतलं. त्यात आजींचं मन बदललं वगैरे काही नाही, तहान लागली एवढंच. मावशींचा कप आपल्याच कपांमध्ये असतो, तो कुठला हे मी आजींना सांगत नाही.

रविवारी मावशींची सुट्टी. तो वार बाबांना आणि मला जड जातो, सोमवारी माझ्या गुडघ्यावर पट्टा असतो. मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचं लग्न आहे, आठवडाभर त्या येणार नाहीत. ब्युरोची "रिप्लेसमेंट" मला नको आहे. तेव्हा कॅमेऱ्याचे पैसे तिकिटाला लाव आणि तू ये. मावशींच्या सुट्टीच्या दोन दिवस आधी पोच, म्हणजे उठवायचं कसं ते त्या तुला दाखवतील. तिथून डायपर आणू नकोस, इथे मिळतात. पाय न घसरणारे मोजे मात्र आण, आजींचा पाय लहान आहे, मुलांच्या मापाचे बघ. तारीख लवकर कळव, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानंतरचं घ्यायचं आहे.

तुझी,
आई