अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर

चेस्के बुदेयोवित्से, चेकिया
नोव्हेंबर

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "आयुष्यभर माशातले किडे बघितलेस, त्यातून निष्पन्न काय?" चिऊला एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घ्यायचंय आणि दादा तयार होत नाही, त्यामुळं हा प्रश्न निघाला, हे मला कळलं. घाईत बोलण्यापेक्षा लिहावं म्हटलं.

इथं सध्या तलाव रिकामे करून मासे काढायचे दिवस आहेत. आपला सोलापूरचा हिप्परग्याचा तलाव 1871 चा, पण इथला रोझ्मबेर्क तलाव 1590 साली बांधून झाला, आणि आजही त्यात कार्प माशांची शेती चालते. नाताळाच्या आदल्या रात्री घरोघरी हाच मासा शिजतो. आम्ही काठावर कोळ्यांच्या शेजारी उभं राहून ताजे मासे घेतो आणि आतले परजीवी शोधायला लगेच उघडतो. मासा मेला की आतले जीवही लवकर खराब होतात.

त्या जिवांपैकी माझं सगळ्यात जास्त प्रेम मिक्सोझोआंवर आहे. त्यांचा बीजाणू मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. त्यात बारीक कुप्या असतात आणि कुपीत धागा वेटोळून ठेवलेला असतो, तुमच्या मागावरच्या कांडीवर सूत असायचं तसा. वेळ आली की धागा झपकन बाहेर सुटतो आणि यजमानाला, म्हणजे ज्याच्या अंगात राहायचं त्या प्राण्याला, चिकटतो. लोक कित्येक वर्षं यांना एकपेशीय समजत होते. ट्राउट माशाची पिल्लं गरगर फिरून मरतात, तो आजार यांच्यातल्याच एकाचा. पण माशातला बीजाणू दुसऱ्या माशाला दिला तर काहीच होत नसे. तो आधी चिखलात राहावा लागे. चिखलात काय होतं, ते 1984 मध्ये अमेरिकेत वुल्फ आणि मार्कीव यांनी दाखवलं. चिखलात ट्युबिफेक्स नावाचा गांडुळाच्या जातकुळीतला किडा असतो, घरच्या माशांना खायला विकतात तोच. बीजाणू त्याच्या पोटात जातो, तिथं त्याचं रूप पार पालटतं आणि मग तो माशाला धरतो. हे दुसरं रूप लोकांनी आधीच पाहिलेलं होतं! 1899 मध्ये याच देशातल्या श्टोल्त्स या अभ्यासकानं अशा जिवांचं एक वेगळाच गट म्हणून वर्णन केलं होतं. एकाच जिवाची ही दोन रूपं आहेत, हे कळायला 85 वर्षं लागली. पुढं जनुकं तपासली तेव्हा आणखी मोठी गोष्ट कळली: हे जेलीफिशचे भाऊबंद आहेत. समुद्रातल्या त्या डंखाची कुपी तेवढी शिल्लक राहिली, बाकी शरीर जवळजवळ सगळं गेलं. सामन माशात राहणाऱ्या त्यांच्यातल्याच एकाला श्वसनासाठी लागणारी मायटोकाँड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाघरांची) जनुकंच नाहीत, हे 2020 मध्ये कळलं. उत्क्रांती म्हणजे नेहमी साध्याकडून अवघडाकडं, असं आपण शाळेत शिकलो होतो. ते खरं नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते, आणि इतक्या वर्षांनीही अंगावर काटा येतो.

दादाला पैशातलं उत्तर हवं असेल, तर नॉर्वेचं सांगा. गायरोडॅक्टिलस नावाचा एक इवलासा कृमी बाल्टिककडच्या सामनला फारसा बाधत नाही, दोघांची जुनी सवय आहे. 1970 च्या दशकात हॅचरीच्या माशांबरोबर तो नॉर्वेत पोचला. तिथल्या सामनची त्याच्याशी ओळख नव्हती, पिल्लं मरत गेली. शेवटी औषध टाकून कितीतरी नद्यांमधले सगळेच मासे मारावे लागले. कोणता कृमी कुठला आणि कोणत्या माशाचा, हे ज्याला ओळखता येतं तोच मत्स्यबीज इकडून तिकडं न्यायच्या आधी सावध करू शकतो.

आता चिऊसाठी. उजनीत चिलापी (तिलापिया मासा) वाढली, जुने मासे कमी झाले, असं तिथले कोळी सांगतात. पुष्कळ कृमींना ठराविकच मासा लागतो. वाम गेली की तिच्या आतड्यातले फीतकृमीही जाणार, कुणी नीट बघायच्या आधीच. आपल्याकडं नवी जात म्हणून नावं देण्याची घाईही फार झाली. मागूर माशातल्या फीतकृमींची पुन्हा तपासणी झाली तेव्हा कितीतरी नावांपैकी मोजक्याच जाती खऱ्या ठरल्या. नमुने जपलेले नव्हते, चित्रं कच्ची होती. हे काम उजनीच्या काठावर बसून करण्यासारखं आहे, त्यासाठी परदेशी यायलाच हवं असं नाही. माझ्या मते तिनं प्राणिशास्त्रच घ्यावं. नोकरी उशिरा लागेल, हे मात्र तिला आधीच सांगा, लपवू नका.

तिला म्हणावं, मरळ, वाम, शिंगटा जिवंत मिळाले तरच घे. कृमी आधी मिठाच्या कोमट पाण्यात धू. काही कडक गरम पाण्यानं ताठ करून फॉर्मॅलिनमध्ये ठेव, काही सरळ अल्कोहोलमध्ये टाक, जनुकांसाठी. मासा कोणता, कुठला, तारीख काय, हे चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिही. शाई अल्कोहोलमध्ये पुसते.

शेंगाचटणी पोचली. आईला नमस्कार, दादा-वहिनींना सांगा मी रविवारी फोन करते. गड्ड्याच्या जत्रेला येणं जमेलसं दिसतंय, सुट्टी मंजूर झाली की कळवते.

तुमची,
बेबी